सुमनला सायकलवरून उतरवलं

रविवार, जानेवारी १९७९. वरठी.

आज फार वाईट वागलो. बायकोला, सुमनला, पुढच्या महिन्यापासून चार मैलांवरच्या बालवाडीत शिकवायला जायचंय, म्हणून तिला सायकल शिकवतोय. वैनगंगेकाठच्या मुरमाच्या रस्त्यावर, कारण तिथे चिटपाखरू नसतं. आज मी सीट सोडली आणि ती एकटीच पुढे निघाली. चाकाखाली खडे करकरत होते.

"पाहा ना जी, मी चालवून राहिली!"

तेवढ्यात समोरून माझ्या ऑफिसातले दोघे आले. माझ्या तोंडून निघालं, "उतर! लोक पाहून राहिले."

ती लगेच उतरली. हँडल माझ्या हातात दिलं, पदर डोक्यावर घेतला. ते दोघे तर नमस्कार करून निघूनही गेले. मग मला लाज कसली वाटली? तिची, की माझीच? भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिने मुकाट्याने हँडल दिलं, तेच डोळ्यांपुढून जात नाही.

जेवताना म्हटलं, "उद्या सकाळी पुन्हा जाऊ."

"नको. बालवाडीच्या बाईले मी येत नाही म्हणून चिठ्ठी पाठवली," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भात वाढला.