ताईच्या पेशी आणि भाऊजींची पँट

ती. ताईस,

तुझ्याच रक्तावर चालणाऱ्या धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुझी तब्येत विचारत नाही, कारण रविवारी फोनवर तूच मला विचारलंस, ‘कोण बोलतंय?’ सांगितलं, तर म्हणालीस, ‘बरं बरं, कपडे शनिवारी मिळतील.’ (जन्मभर शिवणकाम केलंस, पण शनिवारचे कपडे शनिवारी कधी दिले नाहीस.)

त्यावर मी विचार केला (बायको म्हणते, घोटाळा इथेच झाला). माझा रक्ताचा आजार बरा व्हावा म्हणून तू मला तुझ्या पेशी दिल्यास. आता माझा रक्तगटसुद्धा तुझाच आहे. मग त्यांतल्या चार चुकार पेशी फिरत फिरत डोक्यात जाऊन मेंदूच्या होऊन बसल्या असतील, तर तू जे जे विसरत चालली आहेस ते माझ्याकडे शिल्लक असायला हवं की नको? पुरावाही होता. हल्ली मी लोकांचे खांदे बघतो. परवा बँकेतल्या साहेबाला सांगून आलो, तुमची डावी बाही आखूड आहे. (काम झालं नाही.)

म्हणून तुझं मशीन काढलं. तुझ्या बोटात सुई गेली तेव्हा भाऊजींनी ते माझ्याकडे पाठवलं, त्यात त्यांची एक पँट होती, तू आखूड करायला घेतलेली आणि अर्धवट राहिलेली. म्हटलं, हात आपोआप चालतील. चालले की! पँटचा एक पाय दुसऱ्याला शिवला, आणि त्यातच माझ्या अंगातल्या शर्टाचं टोक. मी उठलो तर पँटही उठली. बायको हसून हसून खाली बसली आणि मग एकाएकी रडायलाच लागली. मीसुद्धा.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, रक्त तयार करणाऱ्या पेशी रक्तच तयार करतात. त्यांच्यापासून झालेल्या काही मेंदूत पोचतात, पण राखणदारीच्या कामाला. आठवण ठेवणारी पेशी त्यांच्यातून झाली, असं खात्रीनं अजून कुणी दाखवलेलं नाही. मी विचारलं, मग मी तिला थोड्या परत देऊ का? म्हणाल्या, त्याचा तिला उपयोग नाही. फार वाईट वाटलं, ताई. तू मला वाचवलंस, आणि मला तुझी एक आठवणसुद्धा वाचवता येत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. साहेबाची बाही खरंच आखूड होती.

आणखी एक ता. क. भाऊजी, तिला वाचून दाखवताना डॉक्टरीणबाईंपासून पुढचं गाळा. शनिवारी पँट घेऊन येतोय, तिनंच बोलावलंय. तिची टेप तिच्या गळ्यात घालून ठेवा. भाऊ आलाय असं सांगू नका, ओळख पटली नाही की ती ओशाळते. गिऱ्हाईक आलंय म्हणा. माप घेताना ती खांद्यावर हात ठेवते, तेवढं मला पुरे.