सहाशे चौदा क्रमांकाचे कार्ड

मी, हॅरिएट क्विनलन, वय सत्तेचाळीस, अविवाहित, राहणार सनीसाइड, क्वीन्स, न्यू यॉर्क, गेल्या डिसेंबरपर्यंत चोवीस वर्षे ओल्डन गॅलरीत चित्रांच्या नोंदी ठेवण्याचे काम केलेली, हा कागद करताना पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे. मी रागातही आहे. त्याचा दाखला कोणी मागितलेला नाही, तरी देऊन ठेवते, म्हणजे बाईने राग लपवून मृत्युपत्र केले असे पुढे कोणी म्हणायला नको. येत्या मंगळवारी माझ्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया आहे. त्याआधी माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते ठरवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. या कागदाची अंमलबजावणी माझ्या वकील मिस रोझलिन पेक यांनी करावी. त्यांनी मला दोनदा बजावले आहे की मृत्युपत्रात कैफियत लिहू नये. मी ऐकलेले नाही. त्यांचा दोष नाही.

कलम २. राहते घर भाड्याचे आहे, त्यामुळे ते देण्याचा प्रश्न येत नाही. बँकेतली शिल्लक, फर्निचर आणि आईची निळी किटली माझी धाकटी बहीण मोरा हिला. किटलीची तोटी फुटलेली आहे. ती मी फोडली, मोराने नाही, आणि आईच्या हातचा मार मोराने खाल्ला, हे इथे नोंदवते.

कलम ३. माझा भाऊ डेझमंड याला माझ्या पेटीचे कुलूप आणि किल्ली. पेटी नाही, फक्त कुलूप. मी पंधरा वर्षांची असताना त्याने माझी रोजनिशी जेवणाच्या टेबलावर उभे राहून वाचली. वडील हसले. त्या आठवड्यात मी हे कुलूप आणले आणि बत्तीस वर्षे वापरले. आता त्याची गरज उरलेली नाही. का, ते कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. लिंबू-बिस्किटांचा पिवळा पत्र्याचा डबा, त्यातल्या कागदांसह, मिस सिग्ने लिंडक्विस्ट, निवृत्त शिक्षिका, डुलूथ, मिनेसोटा, यांना. डब्यात एक कार्ड, एक फोटो आणि दोन पत्रे आहेत. ती माझ्याकडे कशी आली ते सांगितले पाहिजे, नाहीतर मी चोर ठरेन. मी चोर आहेच, पण कशाची ते नीट कळावे.

गॅलरीत आलेल्या प्रत्येक चित्राचे मी एक कार्ड करीत असे: क्रमांक, नाव, उंची, रुंदी, कोपऱ्यात छोटा फोटो. आमच्या साठवणीच्या खोलीत पेन न्यायला बंदी होती. शाईचा थेंब कॅनव्हासवर पडला तर निघत नाही, म्हणून सगळ्या नोंदी पेन्सिलीने. नियम चांगला आहे. त्या नियमाचा दुसरा उपयोग मला आठव्या वर्षी कळला.

क्रमांक ६१४ म्हणजे सिग्नेबाईंच्या थोरल्या बहिणीचे, ऑगस्टा लिंडक्विस्ट यांचे चित्र. नाव ‘सरोवर’, उंची अकरा फूट. वर करडे आकाश, खाली काळे पाणी, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे बोटाएवढी नारिंगी रेघ. ती रेघ ओढायला त्या तीन महिने थांबल्या होत्या. मी स्टुडिओत माप घ्यायला गेले तेव्हा शिडीवरून म्हणाल्या, “पोरी, बाकीचं सगळं मी रंगवलंय. चित्र ही रेघ आहे.”

मार्च १९७१ मध्ये एका जोडप्याला ते आवडले. त्यांची भिंत आठ फुटांची होती. गॅलरीचे मालक सेल्विन ओल्डन यांनी भिंत पाहिली नाही, जोडपे पाहिले. दुसऱ्या दिवशी आमचे फ्रेमवाले व्हिटो स्कार्पा यांना बोलावले आणि चित्र रेघेच्या वरून आडवे कापायला लावले. खालच्या अर्ध्याला नवी लाकडी चौकट ठोकताना वरची कड मागे दुमडली गेली. रेघ त्या घडीत गेली.

ओल्डनसाहेब मला म्हणाले, “नवं कार्ड करू नकोस. नव्या कार्डाला नवी तारीख येते. हेच खोड.”

मी खोडले. अकरा फुटांचे सव्वापाच केले. उरलेल्या अर्ध्याला ६१५ क्रमांक दिला, कारण त्या क्रमांकाचे आधीचे चित्र चित्रकाराकडे परत गेल्याने तो रिकामा होता. त्यांनी दोन नवी नावे सांगितली, ‘आकाश’ आणि ‘पाणी’, आणि मी ती सुवाच्य अक्षरात लिहिली. माझे अक्षर चांगले आहे, असे सगळे म्हणतात.

ऑगस्टाबाईंना सांगण्यात आले की चित्र अखंड विकले गेले आणि स्वित्झर्लंडला गेले. ते त्या वेळी याच शहरात, सेंट्रल पार्कच्या पलीकडे होते. त्यांनी दोन पत्रे लिहिली, एकदा तरी ते भिंतीवर बघायचे आहे म्हणून. १९७४ मध्ये त्या स्वतः आल्या, माझ्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या आणि हळूच विचारले, “नीट टांगलंय ना गं त्यांनी?” मी “हो” म्हणाले. त्या १९७९ मध्ये वारल्या. त्यांना माझे ‘हो’ मिळाले, दुसरे काही नाही.

१९८६ मध्ये ओल्डनसाहेबांनी गॅलरीचे सगळे दप्तर एका सार्वजनिक दप्तरखान्याला देणगी म्हणून दिले. बासष्ट खोकी. त्याआधी पाच आठवडे मला कचरा वेचायला बसवले. कचरा म्हणजे काय ते तेच ठरवत. ६१४ चे कार्ड त्यांना आठवत होते. खोडलेल्या जागी पेन्सिलीचे वळ राहतात. दिवा तिरपा धरला की अकरा फूट वाचता येतात. त्यांनी माझ्याकडून स्वच्छ प्रत करून घेतली आणि जुने कार्ड, अखंड चित्राचा फोटो व ती दोन पत्रे फाडायला सांगितली. मी ती डब्यात घालून घरी आणली. याचे मला बरेच दिवस कौतुक होते. आता नाही. त्याच आठवड्यात मी त्या दप्तराच्या यादीवर ‘संपूर्ण’ हा शब्द टाइप केला. यादी अजून तिथे आहे. शब्दही आहे.

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात सिग्नेबाई डुलूथहून आल्या. बहिणीच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन येत्या वसंतात भरायचे आहे, आणि त्यात ते मोठे चित्र का नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. आमच्यासाठी वेलदोड्याचा गोड पाव घेऊन आल्या होत्या. ओल्डनसाहेबांनी पाव खाल्ला.

मग म्हणाले, “बाईसाहेब, असं चित्र नव्हतंच कधी. तुमच्या बहिणीचं शेवटी शेवटी जरा… तुम्हाला माहीत आहे.”

“नव्हतं कसं? शिडी मी धरली होती.”

“वयाने आठवणी मोठ्या होतात. दप्तर पाहा ना. हॅरिएट, बाईंना ६१४ दाखव.”

मी दप्तरखान्यातून मागवलेली नक्कल दाखवली. सव्वापाच फूट. माझेच अक्षर. सिग्नेबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, “मग माझंच चुकत असेल.” चाळीस वर्षे मुलांना शिकवलेल्या बाई, स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माझ्या कार्डासमोर ठेवून गेल्या. कापलेल्या कॅनव्हासपेक्षा मला याचा राग जास्त येतो. ओल्डनसाहेबांचा येतो, आणि उरलेला कोणाचा ते सांगायला नको.

म्हणून हा डबा त्यांना. माझी लेखी साक्ष अशी की त्यांचे चुकलेले नाही. ‘पाणी’ या चित्राची वरची कड खिळे काढून उलगडावी. रेघ तिथे आहे.

कलम ५. माझ्या एकतीस रोजनिश्या वरील दप्तरखान्याला. कार्डावरून जे खोडले ते मी त्याच दिवशी घरी रोजनिशीत शाईने लिहीत असे. १९७१ पासून अशा एकशे नऊ खाडाखोडी आहेत. अट एकच: एकही पान काढू नये, झाकू नये, आणि जो मागेल त्याला वाचू द्यावे. अट मान्य नसेल तर डुलूथच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्याव्यात.

ही अट लिहिणे सोपे गेले नाही. ९ मार्च १९७१ च्या पानावर मी लिहिले आहे: ‘खरे सांगायचे तर दोन तुकडे सुटे जास्त बरे दिसतात. ओल्डनसाहेबांची नजर मोठी आहे. आज त्यांनी मला जेवायला नेले.’ हे कोणी सक्तीने लिहून घेतलेले नाही. मला तेव्हा तसेच वाटत होते. गेल्या गुरुवारी मी हे पान काढायला ब्लेड घेतले, पानाच्या मुळाशी लावले, आणि हातात काय आहे ते पाहिले. पान जागेवर आहे.

हा सगळा कागद सूड म्हणून तर नाही ना, हेही मी स्वतःला विचारले. थोडा आहे.

कलम ६. सेल्विन ओल्डन यांना माझा खोडरबर. एका बाजूने झिजला आहे. दुसरी बाजू चांगली आहे. माझ्या अंत्यविधीला त्यांनी आल्यास बसावे, बोलू नये.

कलम ७. माझा रेडिओ व्हिटो स्कार्पा यांना, कारण वीस वर्षे ते त्यावर बेसबॉल ऐकत माझ्या खोलीत फुकट बसले.

*

इथवर टाइप झाल्यावर आज सकाळी साक्षीदार म्हणून व्हिटोंना बोलावले. मिस पेक म्हणाल्या, “साक्षीदाराला या कागदाखाली काही मिळू शकत नाही. रेडिओ किंवा सही, एक काय ते ठरवा.”

व्हिटोंनी कलम ४ वाचायला मागितले. ओठ हलवत सगळे वाचले. मग म्हणाले, “ठेव तुझा रेडिओ, बाई. सुरी माझ्या हातात होती. सही करतो.” आणि पेन उघडून थांबले.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नाही. मेल्यावर खरं बोलणार. छान सोय आहे. आणि मंगळवारी वाचलीस तर?”

“तर पुढे कधीतरी…”

“म्हणजे ती म्हातारी तू मरायची वाट बघत बसणार. पंचाहत्तरची आहे ना? शर्यत लावलीस होय गं तिच्याशी?”

मिस पेक खिडकीबाहेर पाहू लागल्या. मी गॅलरीत जे केले तेच इथे कायद्याच्या भाषेत पुन्हा करीत होते: आज ‘हो’, खरे नंतर. मी मिस पेक यांच्या टेबलावरून डुलूथला फोन लावला.

“मिस लिंडक्विस्ट, मी हॅरिएट क्विनलन. ओल्डन गॅलरीतली. चित्र होतं. अकरा फूट. तुमचं चुकलं नव्हतं. कार्ड मी खोडलं होतं.”

मग त्यांनी विचारले, “रेघ कुठे गेली?”

“घडीत आहे. ‘पाणी’च्या वरच्या कडेला, खिळ्यांखाली.”

“म्हणजे आहे.”

“आहे.”

“ऑगस्टाला माहीत होतं?”

“नाही. तिने मला विचारलं होतं. मी खोटं बोलले.”

मग शाळेतल्या आवाजात, “मी तुला माफ वगैरे करत नाहीये, मुली. ते नंतर बघू. डबा आज टपालात टाक. खिळे उपटताना तू तिथे पाहिजेस, तेव्हा मंगळवारी मरायचं नाही. कळलं?”

“खिळे मी काढतो म्हणावं,” व्हिटो मागून म्हणाले. “ठोकलेत मीच.”

यास्तव कलम ४ मधील देणगी रद्द. डबा आता माझा राहिलेला नाही. आज दुपारी नोंदणीकृत टपालाने रवाना होत आहे. कलम ४ मधील हकीकत मात्र कायम ठेवावी, एक शब्दही गाळू नये. कलम ७ मधील रेडिओ मोराकडे. बाकीची कलमे आहेत तशी.

या कागदावर मी पेन्सिल वापरलेली नाही.

सही: हॅरिएट क्विनलन

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली:
१. व्हिटो स्कार्पा, फ्रेमवाला, ब्रुकलिन
२. नीव्हस कॉर्देरो, टंकलेखिका, मिस पेक यांचे कार्यालय

न्यू यॉर्क, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९८८