पंचविसावा शब्द

१ नोव्हेंबर, शनिवार
नांदेडहून परत आलो. यांची अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळा, बायपास करावीच लागेल, डॉक्टर म्हणाले. डिसेंबरच्या सुरुवातीची तारीख दिली. गाडीत, औंढा मागे पडल्यावर, हे म्हणाले, "आधी ती नाणी काढून घेतो. ॲपवर न्हाई ठेवत आता."
मला वाटलं होतं, जिवाचं काहीतरी बोलतील.

४ नोव्हेंबर, मंगळवार
नाणी म्हणजे यांची बिटकॉइनं. टेलिफोन खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, तेव्हाच्या पैशातला मोठा हिस्सा थोडा थोडा करून त्यात गेला. मला पहिल्यापासून भीती. हातात धरता येत नाही असला पैसा.
आज समजावून सांगत बसले. ॲप यांच्या अंगठ्यानं उघडतं, ओटीपी यांच्याच मोबाइलवर येतो. "मला काही झालं तर तुला उघडता यायचं न्हाई. आणि कंपनीनंच शटर ओढलं तर मलाबी न्हाई."
म्हटलं, असं अभद्र बोलू नका.
"अभद्र काय त्यात? बराबर बोलून राहिलो."
पेनड्राइव्हएवढी एक डबी मिळते म्हणे. पैशाची किल्ली तिच्यात राहते, बाहेर कुणाला दिसत नाही. मागवली. लवकर देतो म्हणणारा कोणी विक्रेता सापडला ऑनलाइन.

९ नोव्हेंबर, रविवार
डबी आली. खोक्यात एक कार्ड, त्यावर चोवीस इंग्रजी शब्द सुबक छापलेले. वर लिहिलेलं, हेच शब्द वापरा. मला बरं वाटलं, तयारच आलंय. यांचा चेहरा उतरला.
"हे शब्द डबीनं आपल्यासमोर काढायचे असतात. नवेकोरे. हे आधीच कोणीतरी काढून ठेवलेत. आपण यात पैसे ठेवायचे अन् त्यानं घरबसल्या उचलायचे."
छातीवर हात ठेवून बसले. हात त्या कार्डामुळे होता की दुखत होतं, विचारायचं धाडस झालं नाही. गोळी दिली. डबी परत पाठवायची. आता जिथं बनते त्या कंपनीकडूनच मागवली, पण यायला वेळ लागणार. ऑपरेशनच्या आधी येईल का...

२० नोव्हेंबर, गुरुवार
दुसरी डबी आली एकदाची. सील नीट आहे. सीलवर यांचा विश्वास नाही. कॉम्प्युटरला जोडून, डबी खरी असल्याचं कंपनीच्या प्रोग्रॅमकडून वदवून घेतलं, मगच चहा प्याले. आतलं कार्ड कोरं होतं. कोरा कागद बघून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

२३ नोव्हेंबर, रविवार
दार लावलं, पडदे ओढले. दोघांचे मोबाइल आतल्या खोलीत गादीखाली. मी हसले तर म्हणाले, "हसू नको. फोटो काढायचा न्हाई, मोबाइलात टिपायचं न्हाई, कोणाला वाचून दाखवायचं न्हाई. जो हे शब्द मागंल तो चोर. मग तो कोणी का असंना."
आधी पिन. मग डबीच्या इवल्याशा पडद्यावर एकेक शब्द येत गेला. हे वाचत होते, मी लिहीत होते. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं क्लार्क आहे, लिहिलेलं कधी तीनदा ताडून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.
मग चिमूटभर रक्कम पाठवून पाहिली. आली. आणि यांनी काय करावं? डबी मुद्दाम पुसून टाकली. सगळी कोरी. "आता तू कर," म्हणाले, आणि खुर्ची मागं ओढून बसले. कागदावरचे शब्द मी एकेक करून परत घातले. घामाघूम. शेवटी ती चिमूट जशीच्या तशी दिसली.
"बघ. डबी हरवली, जळली, तरी तुला काढता येतं."
मला येतं. पण मला यावं लागणार, हा विचार यांनी केला होता तर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
कागद आधी पैठणीच्या घडीत ठेवला. मग वाटलं, चोर आधी कपाटच उघडणार. डाळीच्या डब्यात ठेवला. मग मुंग्यांचं सुचलं. शाळेतून आले तर कुठं ठेवला तेच आठवेना. अख्खं स्वयंपाकघर ओट्यावर काढलं. यांना कळू न देता शोधत होते, त्यामुळे भांड्याचा आवाजही करता येईना. देवघरात सापडला, पोथीच्या फडक्यात. रडू आलं.
संध्याकाळी सांगूनच टाकलं. रागावले नाहीत. "कागद हा कागदच," म्हणाले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
भांड्याच्या दुकानातून नावं घालायची मशीन मागून आणली. दुकानदाराला सांगितलं, घरच्या भांड्यांवर नावं घालायचीत. तो म्हणे आणा ना, मी घालून देतो. हे म्हणे, माझी हौस आहे. एका स्टीलच्या ताटाच्या मागच्या बाजूला सगळे शब्द कोरले. दुपारभर घुर्र घुर्र. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या. मी दारातूनच, "हे रिकामे बसून राहिले ना, म्हणून."
ताट बँकेतल्या लॉकरमध्ये ठेवून आले. कागद घरी, कपाटाच्या आतल्या खणात, कुलपात.

३० नोव्हेंबर, रविवार
मी भाजी आणायला गेले तेवढ्यात यांनी ॲपवरचं सगळं डबीकडे पाठवलं. परत आले तर टेबल आवरलेलं. "झालं एकदाचं." दाखवा म्हटलं तर म्हणाले, दमलोय, नंतर दाखवतो. खरंच दमलेले दिसत होते. बॅगा भरायच्या आहेत. आमच्या लेकीला, केतकीला, सुट्टी मिळाली, ती पुण्याहून थेट नांदेडला येतेय.

४ डिसेंबर, गुरुवार
आत नेलं. केतकी माझा हात धरून बसली आहे. लिहिणं होत नाही.
संध्याकाळी: झालं. नीट झालं म्हणाले. काचेतून पाहिलं. नळ्याच नळ्या.

७ डिसेंबर, रविवार
मला ओळखतात, मग मध्येच दुसरंच. "लाइन जोडली का औंढ्याची?" विचारत होते, खात्यात असल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर काहींना होतं असं, निवळेल. ताण द्यायचा नाही, कसलाही नाही. हे दोनदा बजावलं.

१५ डिसेंबर, सोमवार
घरी. बोलणं आता नीट आहे. खोकला आला की छातीशी उशी धरतात. मधलं काही काही विसरलेत. दवाखान्यात कसे गेलो, कोण भेटायला आलं, धूसर आहे म्हणतात. केतकी पुण्याला परत गेली.

१८ डिसेंबर, गुरुवार
हे झोपले होते म्हणून डबी जोडून पाहिली. उगीच. सगळं जागेवर आहे ना, एवढंच बघायला.
ती चिमूट तेवढी आहे. बाकी काही नाही.
बंद करून परत उघडली. तेच. पुसून शब्द पुन्हा घातले. तेच.
गेले. सगळे गेले. आणि हे आत घोरताहेत.

१९ डिसेंबर, शुक्रवार
शाळेत लक्ष नाही. मधल्या सुट्टीत मोबाइलवर डबीच्या कंपनीचा मदतीचा नंबर शोधला. लागला. माणूस हिंदीत बोलला, फार गोड. "घबराइए मत मॅडम, पैसा दिख रहा है मुझे, बस अटका हुआ है." माझा जीव भांड्यात पडला. मग म्हणाला, वो चौबीस वर्ड बोलिए, मैं यहाँ से खोल देता हूँ.
घरून निघताना कागद पर्समध्ये घेतला होता. काढला. पहिला शब्द वाचला. तोंडून गेलाच. दुसऱ्यावर बोट ठेवलं आणि यांचा आवाज कानात आला. फोन कापला. तो परत परत लावत राहिला. त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.
एका शब्दावर काही होत नसेल ना? विचारू कोणाला?

२१ डिसेंबर, रविवार
केतकीला सांगितलं शेवटी. गच्चीवर जाऊन, हळू आवाजात. ती आधी ओरडली, कागद पर्समध्ये घालून नेतात का म्हणून. मग शांत झाली. पैसे कुठल्या पत्त्यावर गेले ते यांच्या मोबाइलात ॲपवाल्यांच्या ईमेलमध्ये होतं, तो पत्ता तिनं मला पाठवायला लावला. तासाभरानं तिचा फोन.
"आई, चोरी नाही झाली. पैसे त्या पत्त्यावर जसेच्या तसे पडून आहेत, कोणी हात लावलेला नाही. पण तो पत्ता तुझ्या चोवीस शब्दांतून निघत नाहीये. बाबांनी वरून एक शब्द लावला असणार. पंचविसावा. तो स्वतःच्या मनानं ठरवायचा असतो. कागदावर नसतो, डबीतही नसतो. तो घातला की दुसराच कप्पा उघडतो."
"मग तो कुठं असतो?"
"बाबांच्या डोक्यात."
म्हणजे ज्या डोक्याला ताण द्यायचा नाही, त्यात.

२४ डिसेंबर, बुधवार
विचारलं नाही. औषधं, पथ्य, जिना चढायचा नाही. पोळी वाढताना प्रश्न ओठावर येतो आणि गिळते. आठवत नसेल तर? आठवत नाही हे त्यांना माझ्यामुळे कळलं आणि काही झालं तर?
आणि दुसरं एक सलतं, ते इथंच लिहिते. मला का नाही सांगितला? माझ्या हातानं कागद लिहून घेतला, माझ्याकडून सराव करून घेतला, आणि खरी किल्ली स्वतःजवळ. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्यावर एका शब्दाचाही...

२८ डिसेंबर, रविवार
सकाळी अंगणात चालताना त्यांनीच विषय काढला. "डबी उघडून पाहिली का?"
खोटं बोलता आलं नाही. "पाहिली. पहिल्यांदा पाठवलेलं तेवढंच दिसतं."
उशी छातीशी धरून थांबले. मी खुर्ची आणायला धावणार तेवढ्यात म्हणाले, "दिसंल कसं? वरचा शब्द टाकावा लागतो."
"कोणता?"
उशी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं चालू लागले.
"काहून न्हाई सांगितला मला?" माझा आवाज चढला, मला थांबवता आला नाही. "भरवसा न्हवता का?"
"तसं न्हाई गं. कागद कोणाच्या हाती लागला तर असू द्यावा म्हणून टाकला. ऑपरेशनच्या आधी सांगणार होतो. मग सांगायची लाज वाटली."
"लाज?"
खाली फरशीकडे बघत म्हणाले, "तुझं नाव हाय. आधीचं."
लग्नात तांदळात अंगठीनं माझं नाव मीनाक्षी लिहिलं. त्याआधी मी वैजयंता. सासरी ते नाव पुन्हा कोणी घेतलं नाही, यांनी तर कधीच नाही. मला वाटायचं, यांना ते माहीतच नसेल.
आत जाऊन कणीक मळत बसले. लागत होती त्याहून जास्त मळली.

२९ डिसेंबर, सोमवार
शाळेतून आल्यावर दोघं टेबलाशी बसलो. यांनी नाव इंग्रजीत घातलं. कप्पा उघडला. रिकामा.
पुन्हा घातलं. रिकामा.
चूक झाली असं डबी सांगतच नाही. काहीही घाला, ती एक नवा रिकामा कप्पा उघडून दाखवते. हे जास्त भयंकर.
"व्ही घातला होता की डब्ल्यू?" मी.
"व्ही. व्हीच असंल."
"मध्ये वाय?"
"आता न्हाई आठवत गं. एका हिसक्यात घातला होता. तू भाजीहून येशील म्हणून घाई करून राहिलो होतो."
शेवटी एक ए की दोन. पहिलं अक्षर मोठं की लहान. कपाळावर घाम दिसला तशी डबी काढून घेतली.

१ जानेवारी, गुरुवार
रोज थोडं थोडं करायचं असं ठरलं. नाव नाना प्रकारांनी लिहून बघतो. केतकी म्हणते, सगळे प्रकार मशीनकडून तपासून घेता येतात, पण त्यासाठी चोवीस शब्द कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर घालावे लागतील. हे म्हणाले, ते न्हाई. मीही म्हटलं, ते नाही.
आज घालताना ओठ हलत होते यांचे. नाव पुटपुटत होते. मला ऐकू येतंय हे लक्षात आलं तसे थांबले.

४ जानेवारी, रविवार
सकाळी पुन्हा बसलो. सगळे रिकामे. "मी मुद्दाम काही येगळं केलं होतं का, तेच आठवंना," असं म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मंगळवारी तपासणीला नांदेडला जायचंय, बीपी वाढलेलं निघालं तर डॉक्टरांना काय सांगू?
दुपारी माहेरी, साखऱ्याला, भावाला फोन लावला. म्हटलं, माझं जुनं नाव शाळेत इंग्रजीत कसं लिहायचे, काही आठवतं का?
"काहून गं? आता काय करायचं त्या नावाचं?"
"काम आहे."
"इंग्रजीत कुठं लिहायचे आपल्या शाळेत? अन् वैजयंता तर नुसतं कागदावर होतं. घरात तुला कोण म्हणायचं तसं? वैजंता म्हणायचो समदे. दाजी तुला बघायला आले तवा बी मायनं आतून तशीच हाक मारली. वैजंता, चहा आण गं."
फोन ठेवला. वैजंता. मधला 'य'च गायब. मी स्वतः विसरले होते.
हे आत झोपलेत. बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागलेली दिसते. डबी टेबलावर आहे, पिन मला येतो. हात दोनदा पुढं केला.
नको. उठू देत. मायची ती हाक आली तेव्हा बाहेरच्या खोलीत हे बसले होते. काय ऐकू आलं, ते त्यांनीच घालावं.