नोहप आणि कैऱ्या

८ जून २००६
रुचिता, आजी सांगते ते लिही, पण आधी तारीख घाल. कालही विसरलीस. आत्ताच ही गत, माझ्या वयाची झालीस की हातात पेन कशाला धरलाय तेही मलाच विचारशील. वही गुपित आहे. इतकी, की मलाही वाचता येत नाही.

नातू संकल्प सुटीला जयपूरला आलाय. पुण्याच्या कॉलेजातल्या मशीनवर त्याचा प्रोग्राम इथून चालवतो. चार दिवस लागणार. संपला की सोमवारी मला अकोल्याला पोचवणार. तिथं स्वयंपाकघरात थोरली सून सुवर्णा एकटी. माझ्याशिवाय कैरीचं लोणचं? नासलंच समजा. फोन करून बजावलं, मी येईपर्यंत कैरीला सुरी लावायची नाही. ती ‘हो आई’ म्हणाली. फार पटकन म्हणाली.

९ जून, दुपारी
संकल्प म्हणतो, कामाच्या आधी ‘नोहप’ असं लिहिलं की आपण इथला कॉम्प्युटर बंद करून उठलो तरी पुण्याला काम चालूच राहतं. बघायला कोणी नाही आणि काम चालू! आमच्या घरात असं कधी झालेलं नाही. तो म्हणाला, आजी, विरजण लावून तू झोपतेसच ना? म्हटलं, दही मला ओळखतं.
आता स्वारी मित्रांबरोबर आमेरचा किल्ला बघायला. कॉम्प्युटर इथं घुरघुरतोय. काळंबेरं आहे.

९ जून, चार वाजता
कॉम्प्युटरचा खटका बंद केला. फक्त तपासणी. खरं बोलत असेल तर काय बिघडणार?

१० जून
बिघडलं. पुण्याचं कामच मेलं. मी म्हणाले, वीज गेली असेल. गेलीच होती, खटक्यातून. तो म्हणाला, आजी, चूक माझीच, नोहप लिहायला विसरलो. मी मोठ्या मनानं माफ केलं.
पुन्हा पहिल्यापासून चार दिवस. सोमवारचं तिकीट रद्द. आता गुरुवारी. बिचाऱ्या कैऱ्या!

१२ जून
या वेळी शब्द लिहिलाय म्हणे. कॉम्प्युटर दोन दिवस बंद. तरी मी समोर बसून आहे. माझ्यामुळेच चाललं असणार.

१४ जून
काम संपलं. कॉम्प्युटर बंदच होता. मी पण दुपारभर झोपले होते.
सुवर्णाचा फोन. लोणचं आठ दिवसांपूर्वीच घातलं. म्हणाली, कैऱ्या पिकायला लागल्या होत्या, आई. नंदकिशोर, माझा थोरला, चार पोळ्या जास्त खातोय. माझ्या लोणच्याबरोबर दोनच खायचा.
उद्या संकल्पला एकट्याला अकोल्याला जाऊ दे. मला कसली घाई?
रुचिता, पान फाड. त्याच्याजवळ सुवर्णासाठी दे. लिही: संकल्प पुढच्या आठवड्यात परत येईल, त्याच्या हाती लोणचं पाठव. फक्त चव तपासायची आहे. मोठी बरणी पाठव.