दूध पाझरणारा खांब

येळवाडी, ता. निलंगा
१२ मे १९८६

चि. वीरण्णास,

अप्पाचे आशीर्वाद. नांदेडला सूनबाई, लेकरं खुशाल असतील. इकडं आम्ही बरे आहोत. विहिरीनं मात्र तळ दाखवलाय.

गावच्या पाण्याच्या टाकीचं लिहितो. गेल्या साली तू खांबांच्या भेगांवर काचेच्या पट्ट्या बसवून गेलास. "काच तडकली की भेग वाढली समजा," म्हणालास. सगळ्या तडकल्या. पूर्वेच्या खांबात तेव्हा सुई जात नव्हती, आता विळ्याचं पातं जातं. खांब फुगलाय, तव्यावरच्या भाकरीसारखा.

लातूरला गेलो. जिल्हा नवा, खुर्च्या नव्या. साहेब म्हणाले, "टाकी बहात्तरच्या दुष्काळातली. कागद उस्मानाबादला." उस्मानाबादचे म्हणाले, "मामा, तुमचा जिल्हा आता लातूर." शेवटी एक मिस्त्री आला, भेगेवर सिमेंट थापून गेला. गळवावर पावडर! आठवड्यात तेही उललं.

तू सांगितलं होतंस, दुष्काळी कामावरच्या खडीत पांढऱ्या गारा गेल्या, सिमेंटशी त्यांचं बिनसलं, आत डिंकासारखं होतं, ते पाणी पिऊन फुगतं. "खांब कोरडा ठेवा, तुकडा कापून तपासू." पण भेगेतून पांढरं पाझरतं ना, गावानं त्याचा महादेव केलाय. माणसांना टँकरचं पाणी, अन् खांबाला घागरीनं अभिषेक! बोलायला गेलो तर सरपंच व्यंकटराव म्हणतो, "बसलिंगप्पा, देवाचं बी इंजिनेरला इचारावं का आता?" सगळे हसले.

तुझ्या अव्वाचं लिहायचं टाळत होतो. तू पट्ट्या बसवल्यास त्या दिवशी चारचौघांत ती म्हणाली, "देवाला भेग म्हणणारा माझा न्हाई," आणि तू ताटावरून उठलास, तो आजवर आला नाहीस. आता खांबावर रोज पहिली घागर तिचीच. परवा मी हात धरला. म्हणाली, "सोडा. पोरगं घरी यावं म्हणून घालायलेय. तुमच्या वाटणीचं तर घालत न्हाई ना?"

खरंच, स्वतःच्या वाटणीचं घालते. ओठ फुटलेत तिचे.

वीरण्णा, टँकर आला की टाकी भरते आणि सगळं गाव खाली रांगेत असतं. खांब बसला तर? मी कुणाकुणाचा हात धरू? तू ये. तुला बघून नवस फिटला म्हणत ती आणखी एक घागर उचलेल, ती तूच अडव. माझ्यानं होत नाही. खांब कापायची मशीन मिळाली तर आण, नाही मिळाली तर तसाच ये. आधी घरी जेव.

ती पाणी घालून वाट बघते, मी नुसतीच बघतो.

तुझा,
अप्पा