साडीच्या बदल्यात शेत

कारंजा, रविवार, ५ ऑक्टोबर

राग अजून उतरत नाही. दुपारी दादा मोरपंखी साडी घेऊन आला. बाबांचं शेत त्याच्या एकट्याच्या नावावर व्हावं म्हणून आम्ही दोघी बहिणींनी हक्क सोडायचा आणि साडी घ्यायची. आईनेही तिच्या भावाकडून अशीच साडी घेतली होती. किती कौतुकाने नेसायची ती!

"तुले बाबानं कॉन्व्हेंटात शिकवलं ना सुमे, तोच तुया हिस्सा," दादा म्हणाला.

मग धाकट्या कुसुमचा हिस्सा कोणता? ती इंझोरीत दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते. तिलाही साडीच? आणि उद्या दादाच्या मुलाला सगळं शेत, मुलींना पुन्हा साड्या.

साडी त्याच्या हातात परत दिली. तो गेल्यावर कुसुमला फोन केला. म्हटलं, सही करू नकोस.

"मंग भाऊबीजेले कुठं जाऊ व ताई? दादा दार बंद करीन."

"माझ्याकडे ये."

"अन् ओवाळू कोनाले?"

इतकी वर्षं याच एका भीतीवर भावांनी बहिणींच्या सह्या घेतल्या.

"मले ओवाळ," मी जवळजवळ ओरडलेच.