बोर्डासमोर मी हो म्हणाले

७ ऑगस्ट, गुरुवार

तीस टक्के!

आज पोस्टमननं खिडकीतून पाकीट टाकलं. मानसिक आजार, दिव्यांगत्व तीस टक्के. चाळीसच्या खाली काही मिळत नाही. पेन्शन नाही, काही नाही. खाली शेरा: 'रुग्ण स्वतः चालत आली. उत्तरे व्यवस्थित दिली. स्वयंपाक, बाजारहाट स्वतः करते. एकटीने प्रवास करते.'

कोण करते? मी? तीन वर्षं झाली, गल्लीचं टोक मी पाहिलेलं नाही!

पेन्शन झाली असती तर फॉल-पिकोच्या कमाईत ती घालून ही खोली ठेवता आली असती. आता दादा म्हणेल, चल अंजनगावला, आमच्या घरी राहा. येणाऱ्या-जाणाऱ्यापासून लपवून ठेवतील मला तिथं. मला ही खोली हवी. दुसरं काही मागत नाही मी.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चूक माझीच आहे. लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

मे महिन्यात दिव्यांग तपासणीसाठी मेडिकल बोर्डाची तारीख होती. आरतीवहिनी आदल्या दिवशीच मुक्कामाला आली. मोठ्या साहेबांसमोर जायचं म्हणून सकाळी तिनं मला मोरपंखी साडी नेसवली, वेणी घातली, पावडर लावली. "असं गबाळं गेलं तं लोक काय म्हणतीन?" गजेंद्रदादानं कुणाची तरी गाडी आणून अगदी दाराला लावली. मी दोन गोळ्या घेतल्या, मागच्या सीटवर तोंडावर पदर घेऊन आडवी झाले. डोळे उघडले ते दवाखान्याच्या आवारात.

टेबलामागे तिघं. मी समोर खुर्चीत, दादा-वहिनी मागे बाकावर. मधल्या डॉक्टरांनी विचारलं, "स्वयंपाक करता का?" आणि काय झालं कोण जाणे, माझी मान आपोआप खाली गेली. "हो." "बाजारहाट?" "हो." "एकट्या जाता-येता?" "हो. सगळं जमते."

लग्नासाठी अकरा वेळा पाहिलंय मला लोकांनी. अकराही वेळा मी अशीच बसले, असंच बोलले. या वेळी हातात पोह्यांची बशी नव्हती, एवढाच फरक! नापास व्हायला गेले होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पसंत पडले.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाली, "छान बोलली वो बाई. कुठी अडखळली नाई." मी पण खूश झाले होते. मूर्ख!

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. दादा आला. ओवाळलं, मग कागद दाखवला. त्यानं वाचला आणि घडी घालून परत दिला.

"बरं झालं न मंग. तुले काही नाई झालं असं सरकारच म्हणून राहिलं."

अपील करते म्हटलं. तर म्हणे, "कायले? प्रणालीची सोयरीक पाहून राहिलो आमी. आत्याच्या नावावर असा कागद निघाला तं पोराकडचे काय म्हणतीन?" प्रणाली त्याची थोरली. यंदा कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि आत्तापासूनच पाहुणे सुरू!

निघताना पायरीवर थांबला. "मन घट्ट कर जरासं. दाराबाहेर पडाले असं काय लागते?" मग दुसरीकडे तोंड करून, "आईच्या वेळी बी तू आली नाई."

मी ओवाळणीचं ताट उचलून आत नेलं. 

१४ ऑगस्ट, गुरुवार

अपील लिहिलं. चार कागद फाडले. हातपाय धड असलेल्या बाईनं चालता येत नाही हे लिहायचं कसं?

शेवटी जसं होतं तसं लिहिलं. उंबऱ्याबाहेर तिसऱ्या पावलाला छाती धडधडते. कान बंद होतात. पाय माझे राहत नाहीत. आत्ता इथंच मरणार, हे पक्कं वाटतं. मरत नाही. पण दर वेळी पक्कंच वाटतं.

शेजारच्या कौशल्याकाकूंनी रजिस्टर टाकून दिलं. माझी भाजी, गोळ्या, दोरे, सगळं त्याच आणतात. त्यांच्या गुडघ्यांना बोर्डात न्यायला हवं खरं तर!

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरत होती. माझी कडी वाजली. मी वाटीत खाऊ काढून ठेवला होता. पण बाहेर एवढा गलका, हात कडीपर्यंत गेलाच नाही. "चाल वो, अथी कोणी राहत नाई," एक पोट्टी म्हणाली.

राहते गं, मी राहते.

८ सप्टेंबर, सोमवार

फेरतपासणी. १७ तारखेला सकाळी अकरा वाजता, अकोल्याला. सोबत जवळचा नातेवाईक आणावा.

वा रे वा! घराबाहेर पडता येत नाही, हे सांगायला शंभर किलोमीटर या. गेले तर म्हणतील, आली कशी? नाही गेले तर अर्ज निकाली. हसू का डोकं आपटू?

दादाला फोन केला. "झेंडू तोडाले आला. मले जमत नाई." पुढचं ऐकायच्या आत फोन ठेवला. मीच ठेवला.

११ सप्टेंबर, गुरुवार

काकू लेकीकडे गेल्या. आज दिवसभरात तोंडातून एक शब्द काढला नाही. संध्याकाळी स्वतःचंच नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. रागिणी. आवाज फाटका आला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

जायचं नाही असं ठरवून टाकलं होतं. दुपारी दार वाजलं. प्रणाली! पाठीला बॅग, एकटीच.

"आत्या, मी येते उद्या तुह्यासंग. बाबाले सांगतलं, मैत्रिणीकडे चालली म्हणून."

रागावले. "अवो, तुही सोयरीक चालू हाय न!"

"मोडू दे न."

मी हसले. ती नाही हसली. भलतीच वाळली आहे पोरगी. तिच्यासाठी भाकरी टाकली. किती महिन्यांनी दोन ताटं वाढली!

१८ सप्टेंबर, गुरुवार

काल हातात पेन धरवेना.

साडी नाही, पावडर नाही. रोजचा ड्रेस, केस जसे होते तसे. दारात ऑटो, प्रणालीनं माझ्या डोक्यावर ओढणी टाकली आणि आत ढकललं. पुढे एसटीत खिडकीकडे पाठ करून बसले. वाटेत मूर्तिजापूरला उठलेच, उतरते म्हणून. तिनं मनगट धरलं. "बसून राय आत्या. वर चढते, चढते, मंग आपोआप उतरते. पाच मिनिटं फक्त." पाच नाही, पंधरा लागली. पण उतरलं. पिशवीत ओकले, लोकांनी जागा बदलली.

या वेळी बाई डॉक्टर होत्या. तेच प्रश्न. स्वयंपाक? हो, तो करते. बाजारहाट? — मान खाली जायला लागली. 'हो' अगदी ओठावर आला. मागून प्रणाली म्हणाली, "आत्या, वर पाय न."

वर पाहिलं. "नाही," म्हणाले. मग थांबताच येईना. आईचंही सांगितलं. आई चार दिवस दवाखान्यात होती. माझ्या खोलीपासून ऑटोनं दहा मिनिटं. चारही दिवस डबा भरला, चप्पल घातली, पायरी उतरले आणि परत आले. पाचव्या दिवशी डबा हातात घेऊन दारात उभी होते, तेव्हा फोन आला, गेली म्हणून. दादाला वाटतं, मला आईचं काही नव्हतं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं मी हे. बाईंनी पेन खाली ठेवलं. पाणी दिलं.

येताना प्रणालीनं माझा हात धरला होता, का मी तिचा, आता आठवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

पंचावन्न टक्के!! 'एकटीने घराबाहेर पडू शकत नाही.' सही, शिक्का, सगळं. तीनदा वाचलं. खोली राहिली माझी! नाचावंसं वाटलं, मग तोच शेरा चौथ्यांदा वाचला आणि रडूच फुटलं. आता छापून आलं ना ते.

काकू म्हणाल्या, "पेढे आणू का?" कशाचे पेढे वाटू, काकू!

कागदासोबत पुढची सूचना: पेन्शनच्या अर्जासाठी तहसीलला समक्ष हजर राहावे. घ्या!

प्रणालीला पहिल्यांदा सांगायचं होतं. दिवसभर तिचा फोन बंद.

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळीच दादा आला. न कळवता. कागद पुढे केला, त्यानं हातात घेतला नाही. पायरीवरच बसला.

प्रणालीला वर्षभरापासून असंच होत होतं म्हणे, माझ्यासारखं. कुणाला बोलली नाही. आता पंधरा दिवस झाले, फाटकापर्यंत जाते, थरथरते, परत येते. वहिनीनं नारळ उतरवला. दादानं हात उगारला — स्वतःच सांगितलं त्यानं. तर पोरगी म्हणाली, आत्याले विचारा.

"रागिणी, काय होते गं तुले? मले सांग न एकदा."

सांगितलं सगळं. मध्ये एकदाही तोडलं नाही त्यानं. शब्द न् शब्द खरा मानला. किती वर्षं वाट पाहिली होती मी याची! आणि आज सांगता सांगता मनात एकच, देवा, प्रणालीपुरतं तरी माझं सगळं खोटं निघू दे.